ऑल्स्टन की हॉज?

उत्तर इंग्लंडच्या पेनाइन डोंगरांतली ही दोन बाजारगावं. ऑल्स्टन सुमारे 300 मीटरवर, दगडी फरसबंदीच्या उभ्या चढावर वसलेलं. शिशाच्या खाणींनी गाव वाढवलं. खाणी संपल्या, 1976 मध्ये रेल्वेही गेली. त्याच मार्गाच्या काही भागावर आता हौशी मंडळींची छोटी गाडी धावते.

हॉजच्या बाजाराची सनद 1699 ची आणि मंगळवारचा बाजार आजही भरतो. मेंढ्यांचे लिलाव होतात, वेन्स्लीडेल चीज इथंच बनतं. 1992 मध्ये मालक कंपनीनं कारखान्याला टाळं लावलं, तर जुन्या व्यवस्थापकांनीच तो विकत घेऊन त्याच वर्षी पुन्हा सुरू केला!

दिवसभराच्या फेरीला हॉज बरं. उन्हाळ्यातली गर्दी तेवढी सोसायची. मुक्कामाला मात्र मी ऑल्स्टनच निवडेन. फक्त हिवाळ्यात हार्टसाइडचा घाट बर्फानं बंद झाला, तर अडकून पडायची तयारी हवी.