मासा हारिना आणि तोर्तिया प्रेस: ठाण्याच्या तव्यावरची परीक्षा

ठाणे आणि वाशीत आयात मालाच्या दुकानांत 'मेक्सिकन' म्हणून जे विकतात, त्यात नाचोची पाकिटं आणि सॉसच्या बाटल्याच जास्त. सगळ्यांवर मोठी टोपी आणि निवडुंग. मेक्सिकोचा माणूस ज्या गोष्टीवर जीव टाकतो ती बहुधा खालच्या फळीवर असते: मासा हारिना, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ. त्याची तोर्तिया, म्हणजे मेक्सिकोची पातळ मक्याची भाकरी, होते. त्याचं १ किलोचं पाकीट आणि गोळा दाबून तोर्तिया करायचा २० सेंटिमीटरचा बिडाचा प्रेस, या दोन्हींचा हा आढावा.

आधी पाकीट उलटं करून घटक वाचा. मका आणि चुना, किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, एवढंच हवं. नुसता मका लिहिला असेल तर ते आपलं भाकरीचं पीठ, आणि कॉर्नफ्लोअर म्हणजे निव्वळ स्टार्च. दोन्हींची तोर्तिया उचलतानाच तुटते. चुन्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ एकमेकांना धरतं आणि मक्यात अडकून राहिलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात पोचला पण ही रीत मागेच राहिली, आणि मक्यावरच दिवस काढणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा आजार पसरला. मेसोअमेरिकेतल्या, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या, बायकांनी ही प्रक्रिया युरोपीय लोक यायच्या कितीतरी शतकं आधी बसवलेली होती. निश्तामाल, म्हणजे असा चुन्यात शिजवलेला मका, हा शब्दही तिथल्या नाहुआत्ल भाषेतला, राख आणि तमाल (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) यांच्यावरून आलेला. 'मक्याशिवाय देश नाही' ही मेक्सिकोतली घोषणा आहे, २९ सप्टेंबरला राष्ट्रीय मका दिवस असतो, आणि २०२५ मध्ये देशी मक्याला राष्ट्रीय ओळखीचा भाग म्हणून राज्यघटनेत जागा मिळाली. हे कळल्यावर पाकिटावरची मिशीवाली चित्रं फार तोकडी वाटतात.

प्रमाण असं: २५० ग्रॅम पिठाला ३५० मिलिलिटर कोमट पाणी. मीठ तिथे अनेक घरांत घालतच नाहीत. घातलंच तर पाव चमचा. मळून ओल्या फडक्याखाली २० मिनिटं ठेवा, कारण हे पीठ पाणी सावकाश पितं. मग छोटी गोळी तळहातावर दाबून पाहा. कडा तडकल्या तर चमचाभर पाणी, हाताला चिकटली तर चिमूटभर पीठ. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या पाकिटातल्या पिठाने ओल धरलेली असते, तेव्हा ३३० मिलिलिटरपासून सुरुवात करा. यात ग्लुटेन नसल्याने जास्त मळून काही बिघडत नाही. कोरडं राहिलं की मात्र सगळं बिघडतं. ३० ग्रॅमचे साधारण २० गोळे होतात.

प्रेसचं काम उत्तम, फक्त बिजागरीकडची बाजू जास्त दाबली जाते. म्हणून एकदा हलकं दाबून तोर्तिया अर्धी फिरवायची आणि पुन्हा दाबायची. वरखाली प्लॅस्टिक लागतंच: दुधाची पिशवी धुऊन, कापून घेतली तर दुकानातल्या पातळ कागदापेक्षा चांगली सुटते. ज्यांचा हात ज्वारीच्या भाकरीवर बसला आहे त्यांना थापताही येईल. मात्र पीठ भुरभुरवून थापू नका, ते तव्यावर जळून कडू लागतं. पातळ ॲल्युमिनियमचे प्रेस टाळा, त्यांचा दांडा वाकतो.

तवा बिडाचा, आणि खरा तापलेला. पहिली बाजू २० सेकंद, उलटून ४५ ते ६० सेकंद, पुन्हा उलटून फडक्याने हलकं दाबा. फुगून पापुद्रा सुटला की जमली. फुगली नाही तर तवा थंड आहे किंवा पीठ कोरडं आहे. तव्यावरून उतरवल्या उतरवल्या फडक्यात गुंडाळून १० मिनिटं ठेवा. वाफेने मऊ पडायचा हा वेळ न दिल्यानेच बहुतेकांची तोर्तिया घडी घालताना चिरते.

चवीत पाकीट पहिल्या वर्गात पास, पण पहिलं नाही. ताज्या निश्तामालचा ओला, गोडसर वास त्यात अर्धाच उतरतो. तो हवा असेल तर ५०० ग्रॅम सुका पांढरा मका, ५ ग्रॅम खाण्याच्या दर्जाचा कोरडा चुना आणि दीड लिटर पाणी, मंद आचेवर ४० मिनिटं; रात्रभर तसंच ठेवून सकाळी चोळून धुवायचा आणि वाटायचा. भांडं स्टीलचंच, ॲल्युमिनियमला चुना खातो. भिंतीचा चुना कदापि नको. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि पीठ सैल होतं. तेव्हा मूठभर मासा हारिना मिसळून सावरा. पाटा असेल तर तो काढाच. तिथला मेताते म्हणजे ज्वालामुखीच्या खडकाचा पाटाच, आणि आपला काळा पाषाणही त्याच जातीचा.

सोबतच्या साल्सासाठी, म्हणजे मेक्सिकन चटणीसाठी, आयात केलेली ग्वाहियो ही तिथली सुकी लाल मिरची शोधत बसू नका. वाशीच्या मसाला बाजारातली ब्याडगी रंगाला आणि सौम्यपणाला जवळची आहे. तव्यावर काही सेकंद भाजा, काळी पडली तर साल्सा कडू होतो.

पाकीट साध्या मक्याच्या पिठाच्या कितीतरी पट महाग आहे, तरी घेण्यासारखं. उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. प्रेस धुतलात तर लगेच तव्यावर कोरडा करून तेलाचा हात फिरवा. ठाण्याच्या पावसाळ्यात तो एका रात्रीत गंजतो.