वैद्यकीय उपकरणाचं पेटंट: नाशिकचा एजंट, मुंबईची फर्म की सरकारी योजना?

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये उपकरणाचा नमुना उभा राहिला की पेटंटचं काम कुणाला द्यायचं, हा प्रश्न येतोच. सरकारी फी सगळीकडे सारखीच. वैयक्तिक संशोधक किंवा स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीला ४,००० रुपये पडतात. खरा फरक ड्राफ्टिंगमध्ये, म्हणजे अर्जाचा मसुदा लिहिण्यात आहे, आणि वैद्यकीय उपकरणात तर फारच.

समजा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रुग्णाकडून व्यायाम करवून घेणारं यंत्र तुम्ही बनवलंय. पेटंट कायद्याचं कलम ३(i) उपचाराच्या, शस्त्रक्रियेच्या आणि निदानाच्या पद्धतीला पेटंट देत नाही. ‘व्यायाम देण्याची पद्धत’ असा क्लेम (अर्जात नेमका कशावर हक्क मागतो ते) लिहिला तर तो अडणार. बिजागरी, मोटर आणि सेन्सर यांची जुळणी मांडली तर यंत्राला वाट मिळते. हे ज्याला पहिल्या भेटीत सुचत नाही, त्याला काम देऊ नका, मग ऑफिस कुठेही असो.

नाशिकच्या एजंटाची मोठी जमेची बाजू म्हणजे तो वर्कशॉपला येऊन यंत्र हाताळू शकतो. बिजागरी अशीच का बसवली, हे फोनवर सांगून कळत नाही. मात्र त्याने आधी वैद्यकीय उपकरणांचे अर्ज लिहिलेत का, हे स्पष्ट विचारा.

मुंबईचं पेटंट ऑफिस अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन भरतात आणि सुनावणीही व्हिडिओवर होते. त्यामुळे फर्म मुंबईची आहे एवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मोजायचे ते परदेशासाठी. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत पीसीटी अर्ज, म्हणजे अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज, करावा लागतो. अमेरिकेत उपचाराच्या पद्धतीलाही पेटंट मिळू शकतं, म्हणून भारतात तो क्लेम चालत नसला तरी पद्धतीचं सविस्तर वर्णन पहिल्याच अर्जात हवं. नंतर भर घातली तर तिला पहिल्या अर्जाची तारीख मिळत नाही. इथे अनुभवी फर्मचा पैसा वसूल होतो.

केंद्राची मान्यता असलेल्या स्टार्टअपला सरकारी यादीतला फॅसिलिटेटर, म्हणजे पेटंटचं काम करून देणारा जाणकार, घेता येतो. त्याचा मेहनताना सरकार देतं, तुम्ही फक्त सरकारी फी भरायची. पैशांची ओढाताण असेल तर याचा जरूर विचार करा, पण यादीतलं पहिलंच नाव उचलू नका. दोन-तीन जणांशी बोला, वरचा गुडघ्याच्या यंत्राचा प्रश्न त्यांनाही घाला.

माझं मत विचाराल तर बाजार भारतापुरताच असेल तेव्हा नाशिकचा चांगला एजंट, आणि अमेरिका डोळ्यांसमोर असेल तर पहिल्या मसुद्यापासूनच फर्म. अर्ज भरेपर्यंत यंत्र प्रदर्शनात मांडू नका. डॉक्टरांना दाखवायचं असेल तर आधी गुप्ततेच्या करारावर सही घ्या. आणि समोरचा नुसता वकील आहे की नोंदणीकृत पेटंट एजंट, हे पेटंट ऑफिसच्या ऑनलाइन यादीत तपासा. पेटंट ऑफिसपुढे तुमच्या वतीने काम चालवायला ती नोंदणी लागते.