जागलीची दुलई की स्लीपिंग बॅग? थंडीतल्या मुक्कामाचं सामान निवडताना

भाच्याने मोबाइलवर पाच स्लीपिंग बॅगांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मामा, दहा हजार जमवलेत. जानेवारीत चिखलदऱ्याकडे दोन रात्री तंबूत, अन् पुढच्या हिवाळ्यात जमलं तर केदारकंठा. यातली कोणती घेऊ?" केदारकंठा म्हणजे उत्तराखंडातलं हिवाळ्यात बर्फाने झाकलेलं शिखर. पाचही बॅगाच होत्या. खाली अंथरायचं काय, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

आमच्या वावराला लागून एका काकांचा हरभरा असतो. रानडुकरं अन् रोही येतात म्हणून दरवर्षी घाटे भरायच्या दिवसांत ते मचाणावर जागल करतात. त्यांची झोपायची तयारी पाहण्यासारखी असते. आधी कुटाराने, म्हणजे मळणीतल्या भुशाने, भरलेली दोन पोती, त्यावर घोंगडी, आणि मग अंगावर दुलई. एकदा मी नवी कोरी बॅग घेऊन त्यांच्यासोबत मचाणावर गेलो होतो आणि ती नुसत्या बांबूंवर टाकली होती. मध्यरात्री कुडकुडत उठलो, तेव्हा ते अंधारातूनच म्हणाले, "थंडी खालून लागते बाप्पा, वरून नाई."

त्यामागचं कारण साधं आहे. पांघरूण स्वतः ऊब देत नाही, त्यात अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. पाठीखाली आलेला बॅगेचा भाग वजनाने चपटा होतो, त्यातली हवा निघून जाते आणि मग बॅग कितीही महाग असली तरी त्या बाजूने ती चादरीएवढीच उरते. म्हणून मी भाच्याला सांगितलं की आधी मॅट ठरव, बॅगेचं नंतर बघू.

खालचं: फोमची मॅट की हवेची?

मॅट उष्णता किती अडवते ते आर-व्हॅल्यू या आकड्यावरून कळतं. आकडा जितका मोठा, तितकी जमिनीची थंडी कमी लागते. २०१८ मध्ये यासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची सामायिक चाचणी ठरली. त्यामुळे ज्या कंपन्या ती चाचणी वापरतात, त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात. चांगल्या बंद-छिद्रांच्या फोमची मॅट साधारण २ च्या आसपास असते. आत काहीही भरलेलं नसलेली, नुसती फुगवायची मॅट जाड अन् मऊ दिसते, पण बहुतेक वेळा फोमपेक्षाही थंड पडते, कारण आतली हवा मोकळी फिरते आणि अंगाची ऊब जमिनीला नेऊन देते. आत अस्तर किंवा चकचकीत पडदे असलेली हवेची मॅट मात्र ३ ते ५ किंवा त्याहूनही वर जाते आणि बर्फावर तीच लागते.

आपल्याकडे फोमचं पारडं जड आहे, याचं आणखी एक कारण म्हणजे बाभळीचा काटा. हवेच्या मॅटला रात्री दोन वाजता छिद्र पडलं की तुम्ही नुसत्या तंबूच्या कापडावर झोपलेले असता. फोमला दहा काटे टोचले तरी त्याचं काही बिघडत नाही. ती पाठपिशवीच्या बाहेर गुंडाळी होऊन लोंबते अन् एसटीत चढताना लोकांना लागते, तेवढं सहन करावं लागतं. शिवाय एकावर एक ठेवलेल्या मॅटच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. आज घेतलेली फोमची मॅट उद्या बर्फावर हवेच्या मॅटखाली उपयोगी पडतेच.

वरचं: दुलई, सिंथेटिक की डाऊन?

दुलईची गंमत करू नका. पिंजाऱ्याकडून ताजा कापूस भरून घेतलेल्या दुलईसारखी ऊब घरात दुसरी नाही. गाडीने जाणार असाल, मुक्काम एखाद्या ओळखीच्या वावरात असेल, तर स्लीपिंग बॅगेवर पैसा घालायची गरजच नाही. जाड मॅट आणि दुलई पुरे. अडचण पाठीवर न्यायची वेळ आली की सुरू होते. आमच्या घरची एकेरी दुलई मी तोलून पाहिली, साडेतीन किलो भरली, आणि पाठपिशवीत ती एकटीच मावते. दुसरं म्हणजे कापूस पाणी पितो. दवाने ओली झालेली दुलई दुसऱ्या रात्री पांघरवत नाही.

सिंथेटिक बॅगेत पॉलिएस्टरचे तंतू असतात. शून्य ते पाच अंशांसाठीची बॅग साधारण दीड ते दोन किलोची. ओलसर झाली तरी ती बऱ्यापैकी ऊब धरते, घरी धुता येते, लवकर वाळते. काही वर्षांत तंतू दबून तिची ऊब कमी होते, हा तिचा दोष.

डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीची मऊ पिसं. तेवढ्याच उबेसाठी वजन जवळपास अर्धं, आणि दाबली की फुटबॉलएवढी होते. किंमत मात्र सहज दुप्पट-तिप्पट. पिसांच्या फुगण्याला फिल पॉवर म्हणतात. ६०० चांगली, ८०० फार हलकी अन् फार महाग. पिसं ओली झाली की गोळा होतात आणि ऊब जवळपास संपते. घरी सांभाळण्याचाही ताप आहे. लहान पिशवीत कोंबून वर्षभर ठेवली तर ती पुन्हा फुगत नाही. मोठ्या सुती खोळीत सैल ठेवून टांगावी लागते. आमच्या पावसाळ्यातला ओलावा आणि माळ्यावरचे उंदीर पाहता, वर्षातून दोनदाच बाहेर पडणाऱ्या माणसाने डाऊन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बॅगेवरचे आकडे. धंद्यातली खरी फसवाफसवी इथे आहे. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाईला निवांत झोप लागेल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल एवढंच, झोपेचा विषय नाही. आणि हे सगळं अंगात गरम कपडे अन् खाली मॅट आहे असं धरून. भाच्याने पाठवलेल्या एका बॅगेवर मोठ्या अक्षरात "-५" लिहिलं होतं, पण तो कुठला आकडा हे कुठेच नव्हतं. असा एकटा आकडा दिसला की तो एक्स्ट्रीम समजून पुढे चालायचं. खरेदी नेहमी कम्फर्टवरून करावी, बाईने असो की बाप्याने.

मग आपल्याला कम्फर्ट किती लागतो? विदर्भात थंडी नसते असं पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, तिथे तर हुडहुडी ठरलेलीच. पण उंचीपेक्षाही जागा महत्त्वाची. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन उताराने वाहते आणि नाल्यात जाऊन साचते. नाल्याकाठच्या वावरातली तूर थंडीने आधी करपते, ती यामुळेच. पाण्याजवळ तंबू छान दिसतो, पण दोनशे पावलं वर चढलात तर रात्र दोन-तीन अंशांनी सुसह्य होते, आणि दवही कमी. एवढं पाळलं तर कम्फर्ट पाच अंशांची बॅग आपल्या बहुतेक रात्रींना पुरते. एखादी रात्र जास्तच बोचली तर आतून स्वेटर चढवायचा.

बॅग निमुळती घ्यावी की चौकोनी? निमुळती जास्त उबदार अन् हलकी. चौकोनी मात्र चेन उघडली की पांघरूण होते आणि लग्नसराईत पाहुण्यांना देता येते. आमच्या बायकोने याच कारणासाठी चौकोनीला मत दिलं होतं, आणि ते चुकलं नाही.

तंबू, चूल, कपडे

बर्फासाठीचा चार ऋतूंचा तंबू इथे नको. तो जड असतो, आणि हवा कमी खेळते म्हणून श्वासाची वाफ आत थेंब होऊन टपकते. दोन पदरांचा, वरच्या जाळीतून हवा जाऊ देणारा तीन ऋतूंचा तंबू बरा. थंडी वाजते म्हणून तंबू पूर्ण बंद केला की सकाळी बॅग ओली मिळते. काळ्या मातीत खुंट्या हाताने रुततात, चिखलदऱ्याच्या खडकाळ पठारावर त्या वाकतात. म्हणून खुंट्यांशिवायही उभा राहील असा तंबू पाहा. आणि तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आपल्या मनाने ठोकता येत नाही, हे निघण्याआधीच ध्यानात असू द्या.

चुलीबद्दल थोडक्यात. स्वस्त कॅम्पिंग सिलिंडरात बहुतेक नुसता ब्युटेन असतो. तो उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्यामुळे पाच अंशांच्या पहाटे ज्योत मलूल होते. आयसोब्युटेन उणे १२ च्या जवळ उकळतो अन् प्रोपेन उणे ४२ ला, म्हणून मिश्रणाचा सिलिंडर थंडीत चांगला चालतो. ब्युटेनच घेतला असेल तर रात्री तो बॅगेत पायाशी घेऊन झोपा. कोळशाची शेगडी मात्र तंबूत कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतून उठतच नाही. शेकण्यापेक्षा गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवावी.

कपड्यांवर मी भाच्याला फार खर्च करू दिला नाही. अंगालगत सुती बनियन नको, घाम धरून ते गारठवतं. पॉलिएस्टरचं थर्मल घ्यावं, त्यावर लोकर किंवा फ्लीस, अन् वारा अडवणारं जाकीट. स्वेटर हिवाळ्यात लागणाऱ्या तिबेटी लोकांच्या बाजारातून. या लोकांना लांबून आलेले समजायचं कारण नाही, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. घेताना पाटी वाचा, लोकर किती अन् अॅक्रिलिक किती. झोपायचे मोजे वेगळे, कोरडे ठेवा.

भाच्याचा हिशेब

केदारकंठा सुमारे १२,५०० फुटांवर, तिथे हिवाळ्यात मुक्काम बर्फावर. तेवढ्या थंडीची बॅग आज घेतली तर चिखलदऱ्यात तो घामाने भिजेल, आणि पायथ्याच्या सांकरी गावात असं सामान भाड्याने मिळतं. म्हणून ती खरेदी यादीतून काढली. तसंही गॅसचा सिलिंडर रेल्वेत नेता येत नाही, तोही तिकडेच घ्यावा लागणार.

शेवटी त्याने घेतलं ते असं: फोमची जाड मॅट, कम्फर्ट पाच अंशांची चौकोनी सिंथेटिक बॅग, थर्मलचा जोड. तंबू मित्राचा. डाऊनची बॅग पाहून त्याचा जीव थोडा खालीवर झाला, ती खरंच फुटबॉलएवढी होत होती. उरलेले पैसे केदारकंठ्यासाठी बाजूला ठेवले.

परवा तो सराव म्हणून काकांच्या मचाणावर झोपायला गेला. मॅट अंथरलेली पाहून काकांनी ती दाबून बघितली, किती पडली विचारलं, आणि ऐकल्यावर आपली कुटाराची पोती नीट केली.