यू-बूटचं व्हेरिफाइड बूट: डीटीबीत चावी छान बसते, पण बसलीये का ते तुम्हीच बघायचं

यू-बूट म्हणजे बोर्ड चालू झाल्यावर कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) आधी चालणारा बूटलोडर. त्याचं व्हेरिफाइड बूट दीडेक वर्ष झालं आमच्या टीमच्या बोर्डवर चालू आहे. फर्मवेअरवर सही करायची, ती सही तपासायला लागणारी पब्लिक की बूटलोडरच्या डिव्हाइस ट्रीमध्ये ठेवून द्यायची, मग अपडेट कुठूनही येवो, बूटलोडर आधी सही बघणार आणि जुळली तरच कर्नल उचलणार. मार्क आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. दीड कुठे कापला ते पुढे येतंच, आणि त्यातला निम्मा खरं तर आमच्याच वेंधळेपणाचा आहे पण कापला तो कापला.

चावी डिव्हाइस ट्रीतच का, हा प्रश्न नवीन माणूस हमखास विचारतो, मीही विचारला होता. डिव्हाइस ट्री म्हणजे अमुक पत्त्यावर यूएआरटी (सीरियल पोर्ट) आहे, तमुक पिनवर एलईडी आहे असलं हार्डवेअरचं वर्णन, त्यात सिक्युरिटीचं काय काम? पण यू-बूट स्वतःच्या सेटिंगसाठीही एक डिव्हाइस ट्री बाळगतं, त्याला कंट्रोल डीटीबी (डीटीबी म्हणजे डिव्हाइस ट्रीची कंपाइल केलेली फाइल) म्हणतात, आणि ते बायनरीच्या शेपटाला नुसतं चिकटवलेलं असतं. म्हणजे कोड एकदा कंपाइल करून ठेवला की नंतर कोणीतरी वेगळ्या मशीनवर, जिथे चाव्या आहेत तिथे, फक्त डीटीबीत की टाकायची आणि दोन फाइली जोडायच्या, सोर्स कोडला हात लावायची गरजच नाही. सायमन ग्लासने २०१३ मध्ये हे यू-बूटमध्ये आणलं आणि ही एक गोष्ट त्यांनी फार विचार करून केलीये. आमच्याकडे बिल्ड करणारा माणूस आणि सही करायची प्रायव्हेट की सांभाळणारा माणूस वेगळे आहेत, त्यामुळे हे आम्हाला अगदी हातात घातलेल्या मोज्यासारखं बसलं. प्रायव्हेट की फाइलमध्ये ठेवायची नसेल तर एमकेइमेजला (यू-बूटचं इमेज बांधायचं आणि सही करायचं टूल) पीकेसीएस-११ इंजिन लावून एचएसएममधून, म्हणजे चावी बाहेर न सोडणाऱ्या वेगळ्या उपकरणातून, सही करून घेता येते, तेही व्यवस्थित चालतं.

बाकी रोजचं काम एमकेइमेजचंच. कर्नल, रॅमडिस्क (बूटच्या वेळी मेमरीत चढणारी छोटी फाइल सिस्टीम), कर्नलचं डीटीबी हे सगळं एका एफआयटी इमेजमध्ये (हे तुकडे आणि कोणते एकत्र चालवायचे ती कॉन्फिगरेशन असलेल्या एका फाइलमध्ये) बांधायचं, छोट्या के ऑप्शनने चाव्यांचा फोल्डर द्यायचा, मोठ्या के ने यू-बूटचं डीटीबी द्यायचं, आणि छोटा आर द्यायचा म्हणजे ही चावी "रिक्वायर्ड" होते. एकाच कमांडमध्ये सही पण होते आणि डीटीबीत की पण लिहिली जाते. डीटीबी उलटं डीकंपाइल करून बघितलं तर सिग्नेचर नावाचा नोड दिसतो, त्यात चावीचं नाव, मॉड्युलस, एक्स्पोनंट आणि शिवाय आर-स्क्वेअर्ड, एन-झीरो-इन्व्हर्स असे दोन आकडे आधीच काढून ठेवलेले. आरएसए पद्धतीची सही तपासताना मॉन्टगोमेरी पद्धतीच्या गुणाकाराला ते लागतात, ते बोर्डवर काढण्यापेक्षा पीसीवरच काढून ठेवले, म्हणजे बूटलोडरमधला कोड छोटा राहिला. असली काटकसर बघून बरं वाटतं.

इथे एक गंमत सांगतो. एमकेइमेजला आपण चावीसोबत एक्स-५०९ सर्टिफिकेट देतो म्हणून सगळ्यांना वाटतं की सर्टिफिकेट डीटीबीत गेलं. जात नाही! त्यातले फक्त पब्लिक कीचे आकडे जातात, नाव, इश्युअर, मुदत सगळं गळून पडतं. आमच्या एका सहकाऱ्याने सर्टिफिकेट बनवताना मुदत ३६५ दिवस टाकली होती आणि वर्ष संपत आलं तसा ग्रुपवर नुसता कल्ला, आता सगळी डिव्हाइसेस एका रात्रीत बंद पडणार का म्हणून. काही झालं नाही, कारण बूटलोडरला मुदत माहीतच नाही. तुमच्याकडे सर्टिफिकेटची मुदत हाच चावी रद्द करायचा प्लॅन असेल तर तो प्लॅन नाहीये एवढं लक्षात घ्या.

आता मार्क कापल्याची गोष्ट.

आमच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये एमकेइमेज डीटीबीत की लिहायचं, पण यू-बूटची अंतिम बायनरी त्याच्या आधीच जोडून झालेली असायची. म्हणजे की लिहिलेलं डीटीबी फोल्डरमध्ये मस्त पडून आणि बोर्डवर गेलं ते जुनं, बिनचावीचं. बरं, मग बोर्ड बूट व्हायला नको ना? झाला. झकास झाला. कारण एफआयटीच्या बाबतीत नियम असा की डीटीबीत रिक्वायर्ड चावी सापडली तर तिची सही हवीच, पण सिग्नेचर नोडच नसेल तर अट कसलीच नाही, चला पुढे. चूक झाली की दार बंद राहायला हवं, इथे सताड उघडं राहतं.

त्यात आम्ही टेस्ट केली नव्हती असंही नाही. इमेजमधली एक बाइट बदलून टाकायचो आणि बोर्ड "बॅड डेटा हॅश" म्हणून नकार द्यायचा, आम्ही खूश, रिपोर्टवर हिरवी टिक. पण तो नकार सहीचा नव्हता, साध्या हॅशचा (डेटावरून काढलेल्या ठशाचा) होता! एफआयटीमध्ये प्रत्येक तुकड्याचा हॅश त्याच फाइलमध्ये लिहिलेला असतो, हल्ला करणारा कर्नल बदलेल तर हॅशही नवा लिहील की, तो काय आपल्यासारखा बाइट बदलून गप्प बसणारे? हे आम्हाला कळलं ते एका मुलाने घाईत सही न करताच इमेज टाकली आणि ती निवांत चालू झाली तेव्हा. तोपर्यंत दीड महिना आम्ही "सिक्युअर बूट आहे आपल्याकडे" असं छाती काढून सांगत होतो.

नंतर जुने कन्सोल लॉग काढून बघितले तर फरक समोरच होता. कॉन्फिगरेशनची सही तपासली गेली की "व्हेरिफाइंग हॅश इंटिग्रिटी" च्या पुढे अल्गोरिदमचं नाव, चावीचं नाव, एक अधिकचं चिन्ह आणि मग ओके असं येतं. चावी नसेल तर मधलं सगळं गायब आणि नुसतं ओके. तेच ओके! दोन ओळी शेजारी ठेवल्याशिवाय कोणाच्या डोळ्याला दिसणार आहे सांगा. सही तपासायचा कोड मुद्दाम चालू करून बांधलेल्या यू-बूटने चावी नाही म्हटल्यावर निदान एक मोठी वॉर्निंग तरी ओरडून द्यावी, एवढी माझी मागणी आहे. एक मार्क इथेच गेला.

सही नुसत्या तुकड्यांवर करू नका, कॉन्फिगरेशनवर करा. तुकड्यांवर केली तर आजचा कर्नल आणि जुन्या रिलीजचं रॅमडिस्क, दोन्हींवर खरी सही, असं खिचडी पॅकेट कोणीही बांधू शकतं आणि ते पास होतं. आणि जुनं यू-बूट वापरत असाल तर आधी अपडेट करा, सीव्हीई-२०२०-१०६४८ या नोंदलेल्या त्रुटीमध्ये डिफॉल्ट कॉन्फिगरेशनने बूट करणाऱ्या सिस्टीमवर मुद्दाम घडवलेल्या एफआयटीने हीच तपासणी चकवता यायची, २०२०.०१ पर्यंतच्या व्हर्जनना ते लागू आहे.

आता दुसरा रस्ता, ईएफआय कॅप्सूल, म्हणजे ईएफआय या फर्मवेअरच्या स्टँडर्डमधलं सही केलेलं अपडेट पॅकेट. हा आम्ही बूटलोडर स्वतःच अपडेट करायला वापरतो. इथे मात्र आमच्या व्हर्जनमध्ये खरंखुरं सर्टिफिकेट डीटीबीत जातं, आधी त्याची ईएसएल (सर्टिफिकेटांची यादी) फाइल बनवायची, मग त्याच सिग्नेचर नोडमध्ये कॅप्सूल-की नावाच्या प्रॉपर्टीत ती अख्खी फाइल इनबिन सूचनेने जशीच्या तशी ओतायची, ओव्हरले (डीटीबीवर वरून जोडायचा तुकडा) करून एफडीटीओव्हरलेने चिकटवलं तरी चालतं. कॅप्सूल बनवायला एमकेइएफआयकॅप्सूल, ते ईएफआय पार्टिशनवरच्या अपडेटकॅप्सूल फोल्डरमध्ये टाकायचं, ओएस-इंडिकेशन्स व्हेरिएबलमध्ये ४ या किमतीचा बिट लावायचा आणि रीबूट. आणि इथली वागणूक मला जास्त आवडली, ऑथेंटिकेशन चालू असताना चावी सापडली नाही तर कॅप्सूल सरळ नाकारतं. एकाच प्रोजेक्टमध्ये, एकाच नोडपाशी, दोन खोल्यांचे दोन नियम! अर्थात दोन्ही वेगळ्या वेळी वेगळ्या लोकांनी लिहिलंय हे समजतं, पण वापरणाऱ्याने काय समजायचं?

या कॅप्सूलच्या चावीनेही बराच प्रवास केलाय. आधी डीटीबीत होती, मग कोणाच्या तरी लक्षात आलं की यू-बूटच्या कमांड लाइनवरून डीटीबी बदलायची मुभा असेल तर चावीही बदलता येईल, म्हणून २०२१ मध्ये ती बायनरीच्या रीड-ओन्ली भागात हलवली, मग ते उलटवून पुन्हा डीटीबीत, आणि २०२५ मध्ये परत बायनरीच्या रीड-ओन्ली भागात. दोन्ही बाजू पटतात हो. बायनरीत चावी म्हणजे प्रत्येक चावीसाठी वेगळं बिल्ड, डीटीबीत म्हणजे कन्सोल उघडा ठेवलात तर तुमचं नशीब. आम्ही प्रॉडक्शनमध्ये कन्सोल बंदच केला.

जुनी, भोकं असलेली पण खरी सही असलेली कॅप्सूल परत चढवायची युक्ती अडवायला फर्मवेअर-व्हर्जन नोडमध्ये लोएस्ट-सपोर्टेड-व्हर्जन लिहायची सोय आहे, तीही डीटीबीतच. कॅप्सूल बनवताना व्हर्जन द्यायला विसरू नका. मोनोटॉनिक काउंट नावाचा एक आकडा पण द्यावा लागतो, नावावरून वाटतं की रोलबॅक हाच अडवतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

उरलेला अर्धा मार्क चावी बदलण्यासाठी कापला. दोन रिक्वायर्ड चाव्या टाकल्या की डिफॉल्टने दोन्हींच्या सह्या लागतात, म्हणजे जुनी-नवी बदलाबदली करायला गेलात की अडकलात, त्यासाठी रिक्वायर्ड-मोड प्रॉपर्टी "एनी" करावी लागते. आम्ही बॅकअप चावी पहिल्या दिवसापासून टाकायला हवी होती, टाकली नाही. आता ती टाकायची तर सगळ्या डिव्हाइसेसचा बूटलोडर बदला.

आणि हे सगळं कशावर उभं आहे तर त्या डीटीबीवर. ते डीटीबी खरं कशावरून? त्याच्या आधी एसपीएल (यू-बूटचाच छोटा पहिला टप्पा) असेल तर त्याच्या डीटीबीतही चावी हवी, त्याच्या आधी चिपचा बूट रॉम, जो फ्यूजमधला (चिपमध्ये एकदाच लिहिता येणाऱ्या जागेतला) हॅश बघून एसपीएल तपासतो. तो फ्यूज जाळला नसेल तर फ्लॅशला प्रोग्रॅमर लावून कोणीही स्वतःची चावी असलेलं डीटीबी लिहून जाईल, म्हणजे दाराला सात लिव्हरचं कुलूप आणि भिंत कुडाची. हे यू-बूटच्या हातातलं नाही म्हणून मार्क कापत नाही.

आता आमच्या बिल्डच्या शेवटी दोन गोष्टी असतात. एक, अंतिम बायनरीतून डीटीबी परत काढून एफडीटीगेटने रिक्वायर्ड प्रॉपर्टी वाचायची, नसेल तर बिल्ड लाल. दुसरी, एक इमेज जी अगदी बरोबर आहे, हॅश बरोबर, सगळं बरोबर, फक्त सही भलत्याच चावीची. तिचं नाव आम्ही "चोर" ठेवलंय. रोज रात्री चोर टेस्ट बोर्डचं दार वाजवतो आणि बोर्डने हाकलून दिलं की टेस्ट पास. इतक्या महिन्यांत एकदाच आत शिरला, कोणीतरी नवीन बोर्डसाठी डीटीबी आधीच्या स्टेजकडून घ्यायचा कॉन्फिग चालू केला होता, त्यामुळे आमचं चावीवालं डीटीबी यू-बूट बघतच नव्हतं. बिल्ड हिरवं, बायनरीतली चावी जागेवर, आणि चोर लॉगिन प्रॉम्प्टवर बसलेला.