शिल्लक अर्धा इंच: जुन्या जीएमसी मोटरहोमची मैलाटाकी स्वतः बदलल्यानंतरचा अनुभव

१९७३ ते १९७८ या काळात मिशिगनमधील पॉन्टिअ‍ॅक येथे तयार झालेल्या जीएमसी मोटरहोमची, म्हणजे आत राहण्याझोपण्याची सोय असलेल्या गाडीची, ओळख इथे नव्याने करून देत नाही. ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या मोटारीवरून घेतलेले इंजिन, फ्रंट व्हील ड्राइव्ह आणि मागे आडवा अ‍ॅक्सल नसल्यामुळे मिळालेली ठेंगणी फरशी हे सारे वाचकांना ठाऊक असेलच. हा अभिप्राय त्या गाडीखाली बसवलेल्या नव्या मैलाटाकीचा, म्हणजे संडासातला मैला आणि पाणी साठवणाऱ्या टाकीचा आहे आणि त्यातला मोठा भाग त्या टाकीच्या तळाशी राहणाऱ्या अर्ध्या इंचाचा आहे.

आमच्या गाडीची जुनी टाकी निचऱ्याचा पाइप जिथून बाहेर पडतो त्या कोपऱ्यात तडकली होती. तडा केसाएवढाच होता, पण त्यातून काय झिरपत आहे हे कळायला नाक पुरेसे होते. गॅरेजने टाकीच्या किमतीच्या चौपट मजुरी सांगितल्यावर गाडीखाली आडवे पडणे मला परवडले. सौभाग्यवतींनी दोनच अटी घातल्या: त्या कामाचे पाने घरात आणायचे नाहीत आणि नवी टाकी बसवेपर्यंत दिवाणखान्यात ठेवायची नाही.

टाकी मागवताना एबीएस घ्यावी की पॉलिएथिलीन, या दोन प्लास्टिकांपैकी कोणते, हा पहिला प्रश्न येतो. एबीएसला त्याच्या सिमेंटने जोड देता येतो आणि पुढे तडा गेला तरी त्याच मालाचे ठिगळ लावता येते. पॉलिएथिलीनला कोणतेही सोल्यूशन धरत नाही. तिथे उष्णतेने वितळवून जोडणे किंवा भोकात ग्रोमेट म्हणजे रबरी कडे बसवून त्यातून पाइप दाबून घालणे, एवढेच मार्ग उरतात. तरीही ती धक्के आणि थंडी अधिक सोसते, म्हणून मी पाव इंच जाडीची पॉलिएथिलीनची टाकी निवडली आणि त्या निवडीबद्दल आजही तक्रार नाही.

तक्रार आहे ती निचऱ्याच्या तोंडाबद्दल. टाकीची आतली मापे ४० × २० × १२ इंच आहेत. तीन इंची पाइपचे तोंड कारखान्यातच बाजूच्या भिंतीला जोडून आले आणि त्याची खालची कड टाकीच्या आतल्या तळापासून अर्धा इंच वर आहे. चाळीस गुणिले वीस गुणिले अर्धा म्हणजे ४०० घनइंच. अमेरिकी गॅलन २३१ घनइंचाचा, तेव्हा प्रत्येक वेळी टाकी ‘रिकामी’ केल्यावरही पावणेदोन गॅलन, म्हणजे सुमारे साडेसहा लिटर, आत शिल्लक राहतात. ते साडेसहा लिटर कशाचे, हे लिहिण्याची आवश्यकता नाही.

विक्रेत्याशी यावरून बराच पत्रव्यवहार झाला. त्यांचे म्हणणे असे की नकाशात तोंडाचा मध्यबिंदू बाहेरील तळापासून सव्वादोन इंचांवर दाखवलेला आहे आणि टाकी नकाशाबरहुकूम आहे. हिशोब त्यांच्या बाजूने आहे हे खरे. सव्वादोनातून पाइपची त्रिज्या दीड इंच आणि तळाची जाडी पाव इंच वजा केली की अर्धा इंचच उरतो. परंतु गिऱ्हाइकाला हवी असते ती टाकी किती रिकामी होते ही माहिती, आणि ती वजाबाकी करून काढण्याचे काम गिऱ्हाइकावर सोडणे मला मान्य नाही. परत पाठवायची तर भाडे आमचे, असे उत्तर आल्यावर मी एवढ्या अवजड खोक्याचे भाडे विचारून पाहिले आणि टाकी ठेवून घेतली. त्या दिवशी कोणी विचारले असते तर मी पाचपैकी दीड तारा दिला असता.

उन्हाळा सुरू झाल्यावर मात्र मत बदलावे लागले, आणि त्याचे श्रेय टाकीला नसून गाडीला आहे. या गाडीच्या मागच्या प्रत्येक बाजूला एकामागे एक दोन चाके असून त्यांच्या मधल्या एअर बॅगवर, म्हणजे स्प्रिंगचे काम करणाऱ्या हवेच्या पिशवीवर, ती बाजू तोललेली असते. ज्या गाड्यांत पॉवर लेव्हलची सोय आहे, त्यांत मागची उजवी आणि डावी बाजू बटणाने वेगवेगळी वरखाली करता येते. ही सोय उंचसखल जागेत गाडी समतल करण्यासाठी दिलेली आहे. मी ती उलट वापरतो. डम्प स्टेशनवर, म्हणजे मैलाटाकी रिकामी करण्याच्या जागी, मुख्य धार थांबली की उजवी बाजू चढवायची आणि निचरा ज्या बाजूला आहे ती डावी बाजू उतरवायची. टाकीच्या वीस इंचांच्या रुंदीत एक इंचाचा उतार मिळाला की शिल्लक पाणी चौथाईवर येते. पाइपमधून पुन्हा गळगळ आवाज सुरू होतो, तो ऐकताना जे समाधान वाटते ते एरवी वीजबिल कमी आल्यावरच वाटते. ही सोय नसेल त्यांनी उजव्या चाकांखाली फळ्या घालाव्यात.

दुसरी अनपेक्षित गोष्ट पातळी दाखवणाऱ्या दिव्यांची. टाकीच्या भिंतीत घुसवलेले, पातळी ओळखणारे प्रोब कागदाच्या लगद्याने माखतात आणि रिकामी टाकीही भरलेली दाखवतात, ही सार्वत्रिक ओरड आहे. आमच्याकडे अजून तसे झालेले नाही आणि त्याचे कारण टाकीची गुणवत्ता नसून तांब्या हे आहे. कागद जवळजवळ नाहीच, पाणी भरपूर. त्यामुळे संडासाच्या तोंडाखाली ढीगही साचत नाही. अर्थात टाकी लवकर भरते, आणि पाहुणे आले की दिवे झपाट्याने वर चढतात.

बसवताना दोन ठिकाणी घाई करू नये. हवा जाण्याचा दीड इंची पाइप ग्रोमेटमधून घालताना टाकीच्या छताखाली जेमतेम अर्धा-पाऊण इंचच उतरू द्यावा. तो अधिक खाली गेला तर टाकी भरत आल्यावर त्याचे तोंड पाण्यात बुडते आणि गाडीच्या छतावर जायचा वायू संडासाचे पेडल दाबताच आपल्या तोंडावर येतो. पाइपच्या टोकाची धार कानशीने उतरवून त्याला थोडे साबणाचे पाणी लावले की तो सरळ जातो, नाहीतर ग्रोमेट आत ढकलले जाते. दुसरी गोष्ट टाकीच्या आधाराची. चाळीस गॅलन पाण्याचे वजन दीडशे किलो होते आणि पॉलिएथिलीन नुसत्या पट्ट्यांवर टांगले तर त्यांच्यामधल्या भागात पोट सुटते. तळ खाली झुकला म्हणजे अर्ध्या इंचाचा पाऊण इंच झालाच. मी पट्ट्यांवर रंगवलेला जाड प्लायवूड घालून त्यावर टाकी ठेवली आहे. पोट अजून सुटलेले नाही. गाडीखाली चढवण्यापूर्वी अंगणातच तोंडे बंद करून, काठोकाठ पाणी भरून रात्रभर ठेवावी, इतके सांगून बाकीचे जोडकाम ज्याच्या त्याच्या पान्यांवर सोडतो.

सध्या पाचपैकी साडेतीन तारे. उरलेला दीड तारा विक्रेत्याने नकाशात ‘शिल्लक पाणी’ असा एक आकडा छापला तर देईन. तोवर मागवणाऱ्यांनी तोंडाच्या मध्यबिंदूचे माप विचारू नये. आतल्या तळापासून खालच्या कडेची उंची लेखी मागावी.

मिशिगनच्या हिवाळ्यात तळाच्या पाण्याची मला विशेष चिंता वाटत नाही, कारण गोठून फुगायला त्याला वर मोकळी जागा असते. धोका निचऱ्याचे तोंड सरकत्या पात्याने बंद करणाऱ्या व्हॉल्व्हला आहे. पात्याच्या खोबणीत अडकलेले पाणी गोठले की खटका ओढताना दांडी वाकते. म्हणून शेवटच्या निचऱ्यानंतर व्हॉल्व्ह बंद करून, मोटरहोमसाठी मिळणारे गुलाबी अँटीफ्रीझ (सहज न गोठणारा द्रव) तोंडाची कड बुडून पात्यापर्यंत पोचेल इतके ओततो. अर्ध्या इंचामुळे ते थोडे जास्त लागते, आणि त्या जास्तीच्या बाटलीची पावती मी विक्रेत्याला पाठवली आहे.