अर्धे जोक माझेच होते

माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. अमरावती जिल्ह्यातला चांदूरबाजार तालुका, संत्र्याचा पट्टा. पाणी खोल गेलेलं, व्होल्टेज कधी धड नाही, त्यामुळे बोअरच्या सबमर्सिबल मोटारी जळत राहतात अन् माझं घर चालत राहतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जी फसवणूक सांगणार आहे तिच्यातला लाजेचा भाग इथेच आहे. फसला तो माणूस दिवसभर वायर, पिना अन् व्होल्टेजच हाताळतो.

संध्याकाळी मी गिटार वाजवतो. स्वतःच शिकलेलो, तेव्हा जेवढं येतं तेवढंच. आमची पार्टी सहा जणांची: गायक, कीबोर्डवाले मास्तर, ढोलकवाला, पॅडवाला, बेसवाला अन् मी. चौदा एप्रिलच्या आगेमागे भीमगीतांचे कार्यक्रम, मग लग्नसराईतल्या हळदी, गणपती, नवरात्रात दुर्गा मंडळं. मानधनातून उरेल ते मास्तरांच्या घरच्या डब्यात जातं. त्या डब्याला आम्ही 'बँक' म्हणतो.

इकडे वाजवणाऱ्यांत सामानाची उसनवारी कशी चालते ते बाहेरच्याला पटणार नाही. माझा गिटारचा छोटा अँप्लिफायर दीड वर्षापासून शिरजगावच्या एका पोराकडे आहे. त्याचा कॅपो, म्हणजे पट्टी चढवायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, माझ्याकडे आहे. आम्ही वापरतो तो आहुजा, म्हणजे माईकचा अँप्लिफायर, खंजिरी भजन मंडळाचा. मंडळाचा सप्ताह असला की परत जातो, तोवर आमचा. आसेगावच्या एकाने दिलेली जॅकची वायर कुणाची होती हे आता त्यालाही आठवत नाही. लिहून कुणी ठेवत नाही, पावती कुणी मागत नाही. देणारा एवढंच म्हणतो, "तार तुटली तं नवीन टाकून देजो." अन् देताना दहा मिनिटं आपल्या पार्टीतल्या लोकांच्या नावानं शिमगा करतो. हा शिमगा म्हणजेच आमची ओळखपरेड. जो माणूस आपल्या ढोलकवाल्याला शिव्या घालतो तो खरा वाजवणारा, तो आपला, असा हिशोब डोक्यात पक्का बसला होता.

मला बॉसचा एमई-80 हवा होता. गिटारवाल्यांना माहीत असेल, गिटारचा आवाज हवा तसा बदलणारा, पायाने चालवायचा मल्टीइफेक्ट आहे. आठ बटणं, बाजूला एक पेडल, अन् मुख्य म्हणजे पेन्सिल सेलवर चालतो, सहा सेल. आमच्या कार्यक्रमात लाईन जाणं हा कार्यक्रमाचाच भाग असतो. आहुजा 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, कीबोर्डला इन्व्हर्टर आहे, लाईन गेली की फक्त माझा आवाज चिपळीसारखा कोरडा होतो. शिवाय मांडवात अर्थिंग नसतं. हात गिटारच्या तारेवर अन् ओठ माईकला, की असा चटका बसतो की डोळ्यापुढे दिवाळी. मी आता सोबत लोखंडी रॉड नेतो, मांडवामागे ठोकतो अन् मिठाचं पाणी ओततो. आमचा गायक म्हणतो, हा माणूस वाजवायला येतो का विहीर खोदायला.

नवा घेणं परवडत नव्हतं. जुन्या सामानाच्या एका ॲपवर जाहिरात दिसली: एमई-80, फार वापरलेला नाही, 14,000. डब्यात तेवढेच होते. नंबरवर फोन केला.

पहिला फोन 26 मिनिटांचा झाला. तो पुण्यात आयटीत, मूळचा आपल्याच बाजूचा, बँड सुटला म्हणून सामान काढतोय. माझी बेरीज-वजाबाकी तिथेच थांबली, कारण आम्ही हसत सुटलो होतो. आमचा बेसवाला: चार तारा आहेत, त्यातल्या दोन पाहुण्या. ढोलकवाला: लाईन गेली तरी वाजवते अन् गाणं सरलं तरी वाजवते. गायक पट्टी काळी चार सांगतो अन् दुसऱ्या कडव्याला ती सुटलेल्या धोतरासारखी खाली येते. काळी चार म्हणजे जी शार्प; उघड्या तारांवर गिटारवाल्याचे हाल, म्हणून चौथ्या पडद्यावर कॅपो लावून ई कॉर्ड धरायचा. हेही बोलणं झालं. फोन ठेवला तेव्हा बायकोने विचारलं, "कोणाचा होता?" मी म्हटलं, "दोस्ताचा."

पैसे कसे गेले ते सांगतो, पण त्यात नवीन काही नाही. आधी 2,000 टोकन, "दुसरा गिऱ्हाईक मागे लागला हाय, तुमच्यासाठी थांबवतो." मग ट्रॅव्हल्सच्या पार्सलची पावती अन् खोक्याचा फोटो आला, म्हणून 6,000. उरलेले माल पोचल्यावर द्यायचे, हे त्यानेच सुचवलं. तिथे माझा उरलासुरला संशयही गेला. दुसऱ्या दिवशी 'ट्रॅव्हल्सवाल्या'चा फोन: मालाचं ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीचा जीएसटीचा कागद, नाही, नाक्यावर गाडी अडवली आहे, 3,999 भरा, डिलिव्हरीला परत मिळतील. पन्नास हजारांच्या आतल्या मालाला ई-वे बिल लागतच नाही अन् वापरलेली वस्तू घरगुती माणूस विकतो तेव्हा तो जीएसटी लावू शकत नाही, हे मला आमच्या गावातल्या कृषी केंद्रवाल्याने नंतर सांगितलं. आधी विचारलं असतं तर आधी सांगितलं असतं. त्याचं दुकान माझ्या दुकानासमोर आहे.

भरले. एकूण 11,999.

त्या संध्याकाळी दुर्गा मंडळाचा कार्यक्रम होता. टाटा एसमध्ये सामान चढवत असताना परत फोन, आता 'विमा' म्हणून 5,000. मी चिडलो. म्हटलं, नको तुझं पेडल, पैसे परत कर. तो क्षणभरही भांडला नाही. उलट माफी मागितली. "दादा, तुमचा जीव कायले दुखवू. आत्ताच पूर्ण पैसे वापस करतो. क्यूआर पाठवला, स्कॅन करा, रक्कम बरोबर 11,999 येते का पाहा अन् पिन टाका."

एका हातात ढोलकची खोळ, दुसऱ्या हातात मोबाईल. रक्कम बरोबर होती. पिन टाकला.

पैसे यायला पिन लागत नाही. कधीच नाही. यूपीआयचा पिन आपल्या खात्यातून पैसे बाहेर जाताना लागतो, नाहीतर शिल्लक पाहताना. समोरच्याला पाठवायचे असतील तर तो पिन त्याने त्याच्या मोबाईलवर टाकायचा असतो. मी रोज दुकानात लोकांचे पैसे घेतो, भिंतीवर माझा क्यूआर चिकटवला आहे, आजवर एक रुपया घ्यायला मी पिन टाकलेला नाही. तरी टाकला. स्क्रीनवर ज्या खात्याचं नाव आलं ते एका बाईचं, परराज्यातलं वाटणारं. पहिल्या वेळी मी विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "वहिनीचं खातं हाय." मी वहिनी म्हणून मान्यही केली होती.

पुन्हा 11,999 गेले, म्हणजे 23,998. डब्यातले 14,000 गेलेच, वरचे तांब्याच्या तारेसाठी ठेवलेल्या पैशातून गेले. अन् त्या रात्री मी तीन तास वाजवलं, कुणाला काही न सांगता. पॅडवाला मधेच वाकून म्हणाला, "भाऊ, आज तुम्ही ढोलकवाल्याच्याही मागे हाय." तो विनोद होता. मला हसू आलं नाही.

1930 वर फोन केला तो तिसऱ्या दिवशी. हा नंबर सायबर फसवणुकीसाठीच आहे, देशभर चालतो. तिथे तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेले, तिथून पुढे ज्या खात्यात वळले, त्या बँकांना कळवून उरलेली रक्कम गोठवता येते. उरलेली. म्हणून तो फोन पहिल्या तासातच करायचा असतो. माझे दोन दिवस लाजेत गेले. मास्तरांना काय सांगू, पोरं काय म्हणतील, याच विचारात. तोवर पैसा तीन खाती ओलांडून गेला होता. 1,200 रुपये कुठल्याशा खात्यात अडकलेले सापडले, ते सोडवायचं कागदी काम अजून चालू आहे. पोलीस ठाण्यातल्या ताईंनी पोर्टलवर तक्रार नीट भरून दिली. व्यवहाराचे नंबर, स्क्रीनशॉट, खात्याचं स्टेटमेंट सगळं लागलं. त्यातला एकही स्क्रीनशॉट मी काढून ठेवला नव्हता. जाहिरातही तोवर गायब झाली होती.

एक वस्तू मात्र माझ्याजवळ होती: रेकॉर्डिंग. मोटारीचं बिल सांगितलं की गिऱ्हाईक नंतर "एवढं कुठी ठरलं होतं?" म्हणून भांडतो, म्हणून माझ्या फोनवर प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. ताईंनी ते मागितले. पेनड्राईव्हवर टाकण्याआधी रात्री दुकानात बसून मी तो पहिला 26 मिनिटांचा फोन ऐकला.

माझ्या डोक्यात तो माणूस परतवाड्याचा होता. रेकॉर्डिंगमध्ये असं आहे:

"तुम्ही कोण्या बाजूचे?"

"तुमच्याच बाजूचा ना दादा."

"परतवाडा?"

"हाव, परतवाडा."

"लाकूड डेपोच्या तिकडे?"

"डेपोच्या मागेच."

परतवाडा मीच म्हटलं होतं. डेपोही माझाच.

पुढे तो विचारतो, "तुमचा बेसवाला कसा हाय?" अन् चार तारांपैकी दोन पाहुण्या हा जोक मी सांगतो. तो हसतो. खूप हसतो, हे मान्य करावं लागेल. "अन् ढोलकवाला?" तर ढोलकवाल्याचाही माझाच. "गायक तं सगळ्यांचे सारखेच," असं म्हणून तो थांबतो, अन् काळी चारची कहाणी मी सुरू करतो. "मग कॅपो कुठी लावता?" हे त्याने विचारलेलं आहे. चौथा पडदा हे उत्तर माझं. मी मात्र ते उत्तर त्याच्या खात्यात जमा केलं होतं. अख्ख्या फोनमध्ये त्याचा स्वतःचा जोक एकच: गिटारवाला आयुष्यभर सूर लावतो अन् तरी बेसूर वाजवतो. तो तर कॅलेंडरवर छापण्याइतका जुना.

त्याला गिटार येत होती की नाही, अजून सांगता येत नाही. त्याची गरजच पडली नाही. म्हणून सांगतो, फोनवर वाजवणारा कोण हे ओळखायचं असेल तर प्रश्न अर्धवट ठेवून गप्प बसा. जागेचं नाव तुम्ही घेऊ नका. पट्टी सांगा, कॅपोचं उत्तर त्याला देऊ द्या. अन् व्हिडीओ कॉलवर वस्तू चालू करून दाखव म्हणा, तुम्ही सांगाल ते बटण दाबून. मी हे मागितलं नाही, कारण दोस्ताला असं म्हणणं बरं दिसत नव्हतं.

फोटोची गोष्ट राहिली. जाहिरातीतले तीन फोटो माझ्या मोबाईलमध्ये उरले होते. बेसवाल्याच्या पोरीने, ती बारावीला आहे, ते मोठे करून पाहिले अन् विचारलं, "काका, हे बोर्ड असं कसं?" पेडलच्या मागे भिंतीवर अडॅप्टर लावलेला दिसत होता. बोर्डाला गोल भोकं नाहीत, दोन उभ्या चपट्या फटी. अमेरिकेतलं बोर्ड, 120 व्होल्टवालं. पुण्यातल्या फ्लॅटच्या भिंतीवर ते येणार कुठून? फोटो परदेशातल्या कुणाच्या तरी घरचा उचललेला होता. पंधरा वर्षं मी पिना अन् सॉकेट बदलतो. तो फोटो मी किमान पन्नास वेळा पाहिला असेल, झोपताना पाहायचो. दर वेळी बटणंच मोजली.

मास्तर एका शब्दानेही बोलले नाहीत, त्याचाच त्रास जास्त झाला. पार्टीतल्या बाकीच्यांनी मात्र कसर ठेवली नाही. मी गिटारला जॅक लावायला गेलो की पॅडवाला ओरडतो, "भाऊ, पिन टाकू नका!" कार्यक्रमात निवेदक माझं नाव घेतो तेव्हा मागून ढोलकवाला 'वहिनी' म्हणून कुजबुजतो. डब्यात मी महिन्याला 1,000 टाकतोय, 14,000 होईपर्यंत हे ऐकावं लागेल असं दिसतं.

फेब्रुवारीत मोर्शीला एका माणसाच्या घरी गेलो. त्याच्याकडे साधं जुनं पेडल होतं, एमई-80 नव्हे, लहान. माणूस आंबट तोंडाचा. चहा दिला, पण हसला नाही. मी बेसवाल्याचा जोक सांगून पाहिला, त्यावर तो म्हणाला, "बेस मीच वाजवतो." मग त्याने पेडल लावून दाखवलं, स्वतः वाजवून, अन् वायर काढत म्हणाला, "तिसरं बटण अडकते. दोनदा दाबा लागते. आत्ताच सांगून ठेवतो, मांगून फोन करू नका."

4,500 रोख देऊन घेतलं. तिसरं बटण खरंच अडकतं.