जेल प्लेट: आहेराच्या पाकिटांसाठी घेतली, दीड वर्ष वापरली

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात स्टँडसमोर आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. तुळशीचं लग्न लागलं की थेट जूनपर्यंत सगळ्यात जास्त खपतात ती आहेराची पाकिटं. चमकी लावलेली, गणपती छापलेली, आसपासच्या दहा गावांत एकसारखी. एका मांडवात ओळीनं उभ्या असलेल्या वीस जणांच्या हातात तेच लाल पाकीट पाहिलं, तेव्हा ठरवलं की आपल्या हातचं काहीतरी करायचं. त्या शोधात जेल प्लेट सापडली. आता दीड वर्ष ती वापरतेय आणि दोन प्लेटी घेऊन झाल्यात, म्हणून सविस्तर लिहिते. इथं जवळपास विचारायला कुणी नव्हतं आणि माझे बरेच पैसे चुकीच्या गोष्टींत गेले.

जेल प्लेट म्हणजे पारदर्शक, हाताला लुसलुशीत लागणारी जाडसर पाटी. तिच्यावर रोलरनं ॲक्रिलिक रंगाचा पातळ थर द्यायचा, त्यावर पान, दोरा, जाळी काहीही ठेवायचं, वरून कागद दाबायचा आणि उचलायचा. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. पूर्वी कलाकार स्वयंपाकातलं जिलेटिन ताटात थिजवून त्यावर छापत. ते चार दिवसांत खराब व्हायचं. २०११ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जेली आर्ट्सनं टिकाऊ प्लेट बाजारात आणली. ती मिनरल ऑइलपासून बनते, त्यात प्राण्यांचं काही नसतं. आता इतर कंपन्यांच्याही मिळतात.

मी आधी घरीच करून पाहिली. जिलेटिन जनावरांपासून काढतात, त्यामुळे आमच्या घरात ते चुलीवर चढणं शक्य नव्हतं. म्हणून पहिल्यांदा चायना ग्रास (समुद्री शेवाळापासूनचा अगर-अगर) उकळून ताटात ओतला. थिजला छान, पण पहिला कागद उचलताना मधोमध तडकला. त्यात लवचीकपणाच नाही. मग मागच्या गोठ्यात वेगळं भांडं ठेवलं आणि शंभर ग्रॅम जिलेटिन, दीड पेला ग्लिसरीन, दीड पेला पाणी असं मंद आचेवर विरघळवून ओतलं. जानेवारीत ती पाटी सुरेख चालली. मार्च उतरता उतरता मऊ पडायला लागली, आणि एप्रिलमध्ये एका दुपारी दुकानातून घरी आले तर कडा वितळून ताटाच्या काठाला लागल्या होत्या. पुन्हा गरम करून ओतता येते हे खरं, पण आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो. उन्हाळ्यात ती रोजच ओतावी लागेल. पुण्या-नाशिककडच्या थंडीत शिकायला घरची पाटी ठीक आहे. विदर्भात विकतचीच घ्या.

विकतची घेताना मी किट घेतलं, ती माझी मोठी चूक. १,४५० रुपयांत ५ बाय ७ इंची प्लेट, रोलर, सहा छोट्या रंगाच्या बाटल्या आणि दोन स्टेन्सिल. आमच्या पिनकोडला डिलिव्हरी नाही म्हणून पार्सल आर्वीला नणंदेच्या पत्त्यावर मागवलं. उघडलं तर रोलर थेट प्लेटवर ठेवून पॅक केलेला, आणि प्लेटवर रुपयाएवढा खड्डा. प्रत्येक छाप्यात त्या जागी पांढरा ठिपका. विक्रेत्याला फोटो पाठवले, तीनदा फोन केले, बदलून काही दिली नाही. पुढे कळलं की प्लेट दोन्ही बाजूंनी वापरता येते. उलटवली, काम भागलं. पण मनातून राग गेलेला नाही. चौदाशे रुपये आमच्यासारख्यांना सहज येत नाहीत.

किटातला रोलर कडक प्लॅस्टिकचा होता. तो प्लेटवर फिरत नाही, घसरतो, आणि रंगाच्या रेघा उठतात. नागपूरला सीताबर्डीत २६० रुपयांना रबरी रोलर मिळाला, चार इंची, लिनोकटवाले, म्हणजे लिनोलियमवर चित्र कोरून छापणारे, वापरतात तसला. त्यानं पहिल्याच दिवशी फरक कळला. रंगाचा थर बरोबर पातळ झाला की रोलर फिरताना चरचर असा बारीक आवाज येतो. तो आवाज येत नसेल तर रंग जास्त झालाय, आधी जुन्या कागदावर उतरवून टाका. जास्त रंगात पान पोहतं आणि छाप्यात नुसता चिखल दिसतो. नवशिके इथंच चुकतात, मीही पहिले चाळीस-पन्नास कागद असेच वाया घालवले. पाच बाय सातच्या प्लेटीला वाटाण्याएवढे चार थेंब पुरतात.

आता पानांबद्दल. सासूबाईंनी (मी त्यांना आई म्हणते) उभी हयात पळसाच्या पत्रावळी लावल्या. मी पळसाचं पान सुलट ठेवून छापत होते, नुसता आकार उमटायचा. त्या ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "थे उलटं ठेव नं वं. शिरा तं मांगच्या अंगाले असते. अन् जून पान नोको घेऊ, तडकते." उलटं ठेवलं. पहिल्या कागदावर रंगात पानाची पांढरी सावली आली. मी पान काढून प्लेट पुसायला निघाले, तेवढ्यात लक्षात आलं की पानाखालचा रंग अजून ओला आहे. दुसरा कागद ठेवला, तळहातानं हळूहळू चोळला, कोपऱ्यातून उचलला. मधली शीर, तिच्यातून फुटलेल्या तिरप्या शिरा, त्यांच्यामधली मुंगीच्या पायाएवढी जाळी, देठाजवळ किडीनं पाडलेलं एक भोक, सगळं कागदावर. आई तो कागद हातात घेऊन उन्हाकडे धरून कितीतरी वेळ बघत होत्या. या दुसऱ्या छाप्याला घोस्ट प्रिंट म्हणतात. माझ्या मते खरा माल तोच आहे, पहिला छापा त्याची तयारी.

तेव्हापासून पानं निवडायचं काम आईंकडे आहे. पत्रावळीला जे पान चालतं तेच इथं चालतं: कोवळं नाही, जून नाही, सकाळी तोडून दुपारपर्यंत जुन्या वहीत दाबलेलं. सागाचं पान मोठ्या प्लेटवरही मावत नाही, पण त्याच्या तुकड्याचा पोत फार देखणा येतो. कपाशीचं पान सगळ्यात सोपं. बोंड मात्र ठेवू नका. वाळलेल्या बोंडाची टोकं प्लेटला चिरा पाडतात आणि ती चीर कधीच भरून येत नाही. बाभळीची डहाळी काटे काढूनही ठेवत नाही मी.

उन्हाळ्याचं गणित वेगळं आहे. मे महिन्यात पहिला छापा उचलेपर्यंत पानाखालचा रंग वाळलेला असतो, घोस्ट प्रिंट मिळतच नाही. मी पहाटे साडेपाचला बसते, आठच्या आत उठते. पंखा बंद, कूलरची हवाही अंगावर नाही. मेडिकलमधलं ग्लिसरीन रंगात दोन थेंब टाकलं की रंग थोडा जास्त वेळ ओला राहतो. चार थेंब टाकले तर पाकीट महिनाभर चिकट राहतं, तसा एक गठ्ठा मी फेकलाय. पावसाळ्यात उलटा त्रास. वरून वाळलेले छापे एकमेकांवर ठेवले की चिकटतात, म्हणून मधे बटर पेपर घालावा लागतो. प्लेटला मात्र मानलं. दोन उन्हाळे टिनाच्या छताखाली दुकानात पडून होती, ना वितळली, ना वाकली.

झेरॉक्सवाल्यांना यात एक मोठा फायदा आहे, तो मला सहा महिन्यांनी कळला. झेरॉक्सची शाई म्हणजे टोनर, आणि टोनर ओल्या ॲक्रिलिकला धरत नाही. प्लेटवर काळा किंवा गडद रंग पातळ लावायचा, झेरॉक्स लगेच उपडी ठेवायची, चोळायची आणि काही सेकंदांत उचलायची. कोऱ्या जागेचा रंग कागद घेऊन जातो, टोनरच्या जागेचा प्लेटवर उरतो. तो पूर्ण वाळू द्यायचा, त्यावर पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाचा थर देऊन नवा कागद ठेवायचा, वर जाड पुस्तक, आणि दहा मिनिटांनी उचलायचं. उन्हाळ्यात पाचच मिनिटं, नाहीतर कागद फाटतो. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, मी अशी बैलजोडी छापून शंभर कार्डं केली, चार दिवसांत संपली. यात अक्षरंही सुलटी येतात, कारण ती दोनदा उलटतात. स्टेन्सिलनं थेट प्लेटवर 'शुभाशीर्वाद' काढलं तर उलटं छापलं जातं. इंकजेट प्रिंटरच्या कागदानं हे जमत नाही.

कागदाला पैसे घालायची गरज नाही. बारीक शिरांसाठी आपला साधा ७५ जीएसएमचा झेरॉक्स कागद उत्तम, पाठकोरा असला तरी चालतो. पाकिटाच्या आतून कोण बघतं? हातकागदाचा मला जिव्हाळा आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ उभा राहिला, हातकागदाचं काम तिथं त्या काळापासून चाललं. म्हणून मुद्दाम हातकागद आणून छापला. पण तो खरबरीत, त्याच्या खळग्यांत रंग पोचत नाही, शिरा तुटतात. त्याचं पाकीट करायचं आणि झेरॉक्स कागदावरचं पान कापून वर चिकटवायचं, हे जास्त शोभतं.

प्लेट रोज घासून धुवायची नाही. उरलेला वाळका रंग रुंद सेलोटेप दाबून उचलला की निघतो. फारच साचला तर बेबी ऑइल लावून पुसते, मग साबणाच्या पाण्यानं, कारण तेलाचा अंश राहिला तर पुढचा रंग थेंब थेंब होऊन तुटतो. डाग पडतात, त्यानं छाप्याला काही होत नाही. ठेवताना सपाट ठेवा, दोन्ही बाजूंना सोबत आलेले प्लॅस्टिकचे कागद लावून. एकदा मी घाईत वर्तमानपत्रावर ठेवली तर बातमीची अक्षरं प्लेटवर उतरली, ती आजतागायत गेली नाहीत.

आकाराचं आधी ठरवा. मला पाकिटासाठी ए-फोर कागद लागतो, आणि पाच बाय सातच्या प्लेटीवर त्याचा अर्धाही भाग छापत नाही. म्हणून पुढे ८ बाय १० इंची सुटी प्लेट घेतली, २,३०० रुपयांना. तिच्यावर ए-फोर जवळपास पूर्ण येतो, उरलेली कड घडीत जाते. बुकमार्क आणि छोटी कार्डं करायची असतील तर लहान प्लेट भरपूर झाली. किट घेऊच नका. सुटी प्लेट, रबरी रोलर आणि काळा, पांढरा, पिवळा, मातकट लाल असे शंभर मिलीचे चार ॲक्रिलिक रंग, एवढ्यावर माझं वर्ष निघालं.

साधं पाकीट आम्ही ५ रुपयाला विकतो, पानाचं १५ ला. मोठ्या प्लेटीचे पैसे पहिल्याच लग्नसराईत निघाले. खड्डा पडलेली लहान प्लेट नणंदेच्या मुलीला दिली. तिनं त्या पांढऱ्या ठिपक्याचा चंद्र केलाय, खाली कपाशीची पानं छापते. आईंनी परवा पळसाची नवी पानं आणून वहीत दाबली, यंदा दोनशे पाकिटांची ऑर्डर आहे.